दुर्मीळ घड्याळ कशाला म्हणावे?

जुन्या वस्तूंच्या बाजारात 'दुर्मीळ' हा शब्द फार स्वस्त असतो. पण एखादी वस्तू दुर्मीळ आहे असे म्हणताना आपण नेमके काय मोजतो? ती मुळातच कमी बनली, की बनलेल्यांपैकी कमी उरली, की केवळ आपल्या पाहण्यात कमी आली? हे तीन प्रश्न सुटे करून पाहायला अमेरिकेतील जुनी खिशातली घड्याळे फार सोयीची आहेत. तेथील मोठ्या कारखान्यांत प्रत्येक यंत्रावर क्रमांक कोरलेला असे आणि तो वहीत नोंदला जाई.

१८५० साली ॲरन डेनिसन, एडवर्ड हॉवर्ड आणि डेव्हिड डेव्हिस यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील रॉक्सबरी येथे एक कारखाना काढला. हाताने घासून एकेक घड्याळ जुळवण्याऐवजी यंत्रावर एकसारखे सुटे भाग बनवायचे, अशी त्यांची कल्पना होती. १८५४ मध्ये कारखाना वॉल्थम गावी हलला आणि त्याच नावाने प्रसिद्ध झाला. त्यांची अगदी पहिली १७ घड्याळे विकायला आलीच नाहीत. पुढच्या सुमारे शंभरांवर 'वॉरन' हे नाव आहे. १७७५ साली बंकर हिलच्या लढाईत पडलेले जोसेफ वॉरन हे मूळचे रॉक्सबरीचे, म्हणून हे नाव. नंतरच्या शंभर वर्षांत वॉल्थमने तीन कोटींहून अधिक घड्याळे बनवली. त्यांत 'वॉरन' शंभराच्या आसपास. याला दुर्मीळ म्हणायला कोणाचीच हरकत नसावी.

पण सगळीकडे असा सरळ हिशेब मिळत नाही. हाती पाच-सात घड्याळेच असतील तर एकूण किती बनली याचा अंदाज करता येईल का? येतो, आणि वर्गात करून पाहण्यासारखा आहे. चिठ्ठ्यांवर १ पासून क्रमांक घाला, एकूण किती ते मुलांना सांगू नका आणि पाच चिठ्ठ्या काढायला लावा. समजा, सर्वांत मोठा क्रमांक ८० निघाला. म्हणजे ८० पर्यंतचे ७५ क्रमांक निघाले नाहीत. ते पाच फटींत विभागले तर सरासरी फट १५ ची. तेवढीच फट ८० च्या पुढेही असेल असे धरले की अंदाज येतो ९५. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी जर्मन रणगाड्यांचे उत्पादन याच मार्गाने ताडले होते. हेरांचा आकडा महिन्याला १,४०० चा होता, क्रमांकांवरून काढलेला २४६ चा. युद्धानंतर जर्मन दप्तरात सापडला २४५!

मात्र या रीतीला एक अट आहे. क्रमांक सलग दिलेले हवेत. १९४० मध्ये हॅमिल्टन कंपनीने रेल्वेसाठी '९९२ बी' हे घड्याळ काढले, तेव्हा 'सी' अक्षर लावून क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. तेथे ही रीत चालते. ही घड्याळे पाच लाखांवर बनली. वॉल्थमने मात्र क्रमांक गटागटाने वाटले होते, एक गट या प्रतीला तर पुढचा दुसऱ्याच प्रतीला. तेथे दोन क्रमांकांतील अंतरावरून काहीच ठरत नाही. कारखान्याच्या वह्याच पाहाव्या लागतात. वॉल्थमची कागदपत्रे आज हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात आहेत.

आता उरण्याविषयी. १८९६ मध्ये इंगरसोलचे 'यांकी' घड्याळ एका डॉलरला मिळू लागले. अशी स्वस्त घड्याळे लाखोंनी खपली, पण बिघडली की फेकली गेली, कारण दुरुस्तीचा खर्च किमतीबाहेर जाई. सोन्याच्या घड्याळांचे दैव निराळे. १९८० च्या जानेवारीत सोने औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढले. अशा तेजीत सोन्याच्या केसेस वितळवल्या गेल्या आणि यंत्रे उघडी पडली. आम्हाला यात किमतीपेक्षा नोंद गेल्याचे वाईट वाटते. केसच्या आत कोणी कोणाला ते भेट दिले तेही कधीकधी कोरलेले असे.

चौथी गोष्ट हिशेबाची नव्हे, शब्दांची आहे. ५० मुलांच्या वर्गात डावखुरी, चष्मा लावणारी, श्रावणात जन्मलेली मुलगी शोधा. एखादीच निघेल. विशेषणे वाढवत गेले की कोणीही एकमेव ठरते. घड्याळांचेही तसेच. अमुक प्रत, अमुक नक्षी, अमुक तबकडी, शिवाय एखाद्या लहान गावातील सराफाचे नाव, एवढे एकत्र केले तर 'अशी फक्त सहा' हे खरेही असेल, पण त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. सराफ आपले नाव घालून मागत आणि कारखाने घालून देत. आपल्याकडच्या जुन्या घरांत 'वेस्ट एंड वॉच कंपनी' असे तबकडीवर लिहिलेली घड्याळे असत. तेही विकणाऱ्याचेच नाव. आतले यंत्र स्विस.

त्यामुळे घड्याळ हाती आले की क्रमांक यंत्रावरचा वाचावा, केसवरचा नव्हे. अमेरिकेत यंत्र व केस बहुधा वेगवेगळ्या कारखान्यांत बनत, आणि गिऱ्हाईक दुकानात आपल्या ऐपतीप्रमाणे केस निवडून यंत्र तीत बसवून घेई. मग केसच्या आतली कड भिंगाखाली पाहावी. यंत्र धरणाऱ्या स्क्रूंच्या डोक्यांचे तेथे वळ उठतात. असे वळ दोन निरनिराळ्या जागी दिसले, तर त्या केसमध्ये आधी दुसरेच यंत्र होते.