ओल्गा टेलिस खटला
मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या बेघरांच्या हक्कांविषयीचा सर्वोच्च न्यायालयातील खटला (निकाल १० जुलै १९८५). जुलै १९८१ मध्ये ऐन पावसाळ्यात मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडण्याची घोषणा केली. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस, नागरी हक्क संघटना आणि खुद्द रहिवासी न्यायालयात गेले. पदपथावर राहण्याचा मूलभूत हक्क आपण सांगणार नाही, अशी कबुली रहिवाशांच्या वतीने आधी उच्च न्यायालयात दिली गेली होती. ती त्यांच्या आड येत नाही, कारण मूलभूत हक्क कुणाला सोडून देता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. माणूस कामाजवळ राहतो. झोपडी गेली की रोजीही जाते, हा युक्तिवाद पीठाला पटला. प्रत्यक्ष पदरात मात्र थोडेच पडले. पूर्वसूचनेविना अतिक्रमण हटवू देणारे महापालिका अधिनियमाचे कलम ३१४ वैध ठरले. बाजू मांडण्याची संधी देणे हा नियम आणि सूचना टाळणे हा अपवाद, एवढेच बंधन आले. कारवाई ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत लांबली. १९७६ च्या गणनेतील ओळखपत्रधारकांना पर्यायी जागा देण्यास सांगितले गेले, पण तशी जागा देणे ही हटवण्याची पूर्वअट नव्हे, असेही स्पष्ट झाले. तत्त्व याचिकाकर्त्यांचे, पदपथ महापालिकेचा.

अनुच्छेद २१ चा हा विस्तार एकाकी नव्हता. बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांसाठीच्या हुसैनारा खातून खटल्यात (१९७९) त्याच अनुच्छेदातून जलद सुनावणीचा हक्क मान्य झाला होता.