गरिबाचें खातें

ज्याच्याजवळ शिल्लक उरत नाहीं त्यानें बँकेंत खातें कशाला उघडावें, हा प्रश्न वरवर पाहतां बिनतोड वाटतो. किमान शिलकेची अट नसलेलें साधें खातें गेल्या वीस वर्षांत आपल्या देशांत खेडोपाडीं पोहोंचलें आहे. तरी तें गरिबाच्या अंगाला बसतें कीं नाहीं, याविषयीं मतभेद आहेतच. एक पक्ष म्हणतो, गरिबाला बँकेचें दार उघडलें यांतच सर्व आलें. दुसरा म्हणतो, रिकाम्या खात्यांची मोजदाद करून दारिद्र्य हटत नाहीं. या वादाचा निकाल लावण्यापूर्वीं अशीं खातीं प्रथम कोणीं व कशासाठीं काढलीं, हें पाहणें उपयुक्त ठरेल.

स्कॉटलंडच्या दक्षिण भागांत रथवेल नांवाचें एक खेडें आहे. तेथील धर्मोपदेशक हेन्री डंकन यांनीं १८१० सालीं गांवच्या मजुरांसाठीं एक बचत-पेढी काढली. त्या काळीं तेथील मोठ्या बँका दहा पौंडांहून कमी ठेव घेत नसत. आणि मजुराच्या हातीं दहा पौंड एकदम कधींच येत नसत. डंकन यांनीं सहा पेन्सांची ठेवहि स्वीकारली. जमलेली पुंजी ते मोठ्या बँकेंत ठेवीत आणि तिचें व्याज ठेवीदारांच्या पदरांत घालीत. त्यांनीं ओळखलेली गोष्ट साधी होती : पैसा साठल्यावर बँकेकडे ये, असें मजुराला सांगणें व्यर्थ आहे, साठविण्यासाठींच त्याला बँक हवी असते.

पुढें १८६१ सालीं ग्लॅडस्टन यांनीं इंग्लंडांत पोस्टाच्या बचत बँकेचा कायदा करून घेतला. एका शिलिंगापासून ठेव घेतली जाऊं लागली. परंतु शिलिंगहि एकदम न उरणारीं कुटुंबें होतींच. म्हणून १८८० मध्यें, फॉसेट हे पोस्टमास्तर-जनरल असतांना, एकेका पेनीचीं तिकिटें कागदावर चिकटवून बाराची भरती झाली कीं तो कागदच ठेव म्हणून स्वीकारण्याची सोय झाली. आपल्याकडे कलकत्ता, मद्रास व मुंबई येथें १८३३ ते १८३५ च्या दरम्यान सरकारी बचत बँका निघाल्या, आणि १ एप्रिल १८८२ पासून पोस्टाची बचत बँक सुरू झाली. तिच्यांत चार आण्यांची ठेव चाले. तथापि पोस्टाची खिडकी दिवसा ठराविक वेळींच उघडते, आणि मजुराचा तोच वेळ रोजगारावर विकला गेलेला असतो. रक्कम लहान करून भागत नाहीं. खिडकीहि जवळ यावी लागते.

ही दुसरी पायरी आपल्याच देशांत बांधली गेली. उडुपी येथें १९२५ सालीं निघालेल्या व पुढें सिंडिकेट बँक या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या पेढीनें १९२८ मध्यें पिग्मी ठेव सुरू केली. पेढीचा माणूस ठेवीदाराच्या दारीं जाई आणि रोजचे दोन आणेसुद्धां जमा करून घेई. महाराष्ट्रांतील पतसंस्थांत पिग्मी हा शब्द इतका रुळला आहे कीं तो परका आहे, याची आठवणहि आपल्याला राहिलेली नाहीं. भाजीवाली, चांभार, पानपट्टीवाला यांच्या दुकानापुढें सायंकाळीं येणारा पिग्मीवाला हा त्यांच्या दृष्टीनें चालतीबोलती बँकच होय.

या सेवेची किंमत गरीब माणूस किती लावतो, याचें एक उदाहरण ध्यानांत घेण्यासारखें आहे. स्टुअर्ट रदरफोर्ड या अभ्यासकानें विजयवाड्याच्या झोपडपट्टींतील एका ठेव-संग्राहक बाईची हकीकत नमूद केली आहे. ती घरोघर जाऊन कार्डावरील २२० चौकोनांपैकीं एकेका चौकोनापोटीं पांच रुपये घेई. कार्ड भरलें म्हणजे अकराशें रुपये होत. त्यांतील शंभर रुपये स्वतःचे श्रम म्हणून ठेवून ती हजार परत करी. व्याज मिळण्याऐवजीं व्याज देऊन या बायका बचत करीत! त्यांना हिशेब कळत नव्हता असें नव्हे. घरांत ठेवलेला पैसा आजारपण, पाहुणा व नवऱ्याचें व्यसन यांपुढें टिकत नाहीं, हें त्यांना पुरतें ठाऊक होतें.

अशा स्त्रियांसाठीं इला भट्ट यांच्या प्रेरणेनें १९७४ सालीं अहमदाबादेस सेवा बँक उभी राहिली. चार हजार बायकांनीं प्रत्येकीं दहा रुपये भाग भरला. १९९७ सालीं सातारा जिल्ह्यांत म्हसवड येथें चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानें माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर म्हणून तिचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनें नाकारला होता. तेव्हां त्या बायकांनीं आपण व्याजाचा हिशेब तोंडीं करूं शकतों, असें बजावून सांगितलें आणि परवाना मिळविला.

आतां सरकारी प्रयत्नांकडे वळूं. १९६९ मध्यें चौदा बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें व खेड्यांत शाखा निघाल्या. २००५ मध्यें रिझर्व्ह बँकेनें अत्यल्प शिलकेचीं साधीं खातीं उघडण्यास बँकांना सांगितलें, २००६ मध्यें बँकेच्या वतीनें गांवोगांव व्यवहार करणारे प्रतिनिधि नेमण्यास मुभा दिली, आणि २०१२ मध्यें किमान शिलकेची अट अजिबात काढलेलें मूलभूत बचत खातें आणलें. २८ ऑगस्ट २०१४ रोजीं जनधन योजना सुरू झाली. ऑगस्ट २०२३ पर्यंत तिचीं खातीं पन्नास कोटींवर गेलीं, व त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रियांचीं होतीं. एप्रिल ते जून २०२० या टाळेबंदीच्या काळांत सुमारें वीस कोटी स्त्रियांच्या खात्यांत दरमहा पांचशें रुपये थेट जमा झाले. मध्यस्थाच्या हाताला न लागतां मदत पोहोंचली, हें या खात्याचें मोठेंच पुण्य मानलें पाहिजे.

परंतु याच खात्याच्या नियमांत एक जुनी चूक दडली होती. २०१२ च्या नियमांप्रमाणें महिन्याला चार वेळां पैसे काढण्याचा हक्क देऊन बँकेची सक्तीची जबाबदारी संपे. ज्यांच्यापाशीं पुरेशीं कागदपत्रें नसत त्यांच्यासाठीं जें छोटें खातें होतें, त्यांत वर्षाला एक लाखाहून अधिक जमा व महिन्याला दहा हजारांहून अधिक उचल होऊं शकत नसे. या आंकड्यांमागील समजूत अशी कीं गरिबाची मिळकत थोडी, म्हणून त्याचे व्यवहारहि थोडे. वस्तुस्थिति याच्या उलट आहे. पगारदार महिन्यांतून एकदां मिळवितो. हातगाडीवाला रोज माल घेतो आणि रोज विकतो. दिवसाला दोनशें रुपये सुटण्यासाठीं त्याला हजार-दीड हजारांची उलाढाल करावी लागते. पैसा जितका थोडा तितका तो अधिक वेळां हातांतून फिरतो.

येथें बँकांचीहि बाजू ऐकली पाहिजे. शंभर रुपये मोजण्यास कारकुनाला लाख रुपयांच्या नोंदीइतकाच वेळ लागतो. हा खर्च डंकन यांनीं स्वतःच्या श्रमानें भरून काढला, पिग्मींत तो दलालींतून निघतो, विजयवाड्यांत ठेवीदार बाईनेंच तो सोसला. सरकारी योजनेंत मात्र हा खर्च कोणाचा, हें नीट ठरलें नाहीं. म्हणून खातें उघडण्याची घाई झाली आणि चालविण्याची हेळसांड. २०१६ सालीं तर शून्य शिलकेचा आंकडा घटावा म्हणून कांहीं शाखांतील नोकरांनीं खात्यांत एकेक रुपया स्वतःच भरल्याचें वृत्तपत्रांनीं उघडकीस आणलें.

तेव्हां साधें खातें अल्प मिळकतीच्या माणसाला मानवतें काय? दुसऱ्यानें दिलेलें घेण्यासाठीं मानवतें, हें टाळेबंदींत सिद्ध झालें. स्वतःचें मिळविलेलें राखण्यासाठीं मात्र तें तेव्हांच मानवेल, जेव्हां लहान रकमेची वारंवार ने-आण हा त्याचा मुख्य धर्म मानला जाईल, आणि तिचा खर्च ठेवीदाराच्या माथीं न मारतां खातें काढणारें सरकार व बँका मिळून उचलतील. सहा पेन्स, चार आणे, दोन आणे या नाण्यांनीं दोनशें वर्षांत हेंच शिकविलें आहे. खातें किती जणांचें उघडलें याची गणना पुष्कळ झाली. तें आठवड्यांतून किती वेळां वापरलें गेलें, ही गणना यापुढें व्हावयास हवी.