दसऱ्याआधी इळा नको

आमच्या आबाजींच्या तोंडी शकुंतलेचं नाव आलं की समजायचं, आज जेवणं लांबणार. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ ही आमची छोटी गाडी, किलिक-निक्सन कंपनीची. मँचेस्टरला 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन तिला थेट 1994 पर्यंत ओढत होतं. आबाजी तरुणपणी या गाडीनं दारव्ह्याला जात. कशाला जात, यावर घरात दोन मतं होती. ते म्हणत नातेवाइकांकडे, मोठी माय म्हणे ढोरांच्या बाजाराला. पण पुढची गोष्ट दोघांची एकच. कारंजा सुटलं, सोमठाणा मागं पडलं, की सोहोळच्या अलीकडे माळावर काळविटांचे कळप दिसत. इंजिनानं शिट्टी दिली की आधी एक हरणी उडी घेई, मग तिच्यामागून दुसरी, आणि बघता बघता सगळा कळप उड्या घेत दूर जाई. हरणं किती होती, ते आबाजी कधी पन्नास सांगत, कधी दोनशे. आकडा बदलायचा, पण उडी सांगताना त्यांचा हात दरवेळी तितकाच उंच जायचा.

त्याच भागातला माळ आज कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. सन 2000 मध्ये ते जाहीर झालं, सुमारे 18 चौरस किलोमीटरचं. आमच्या जिल्ह्याहून ते दोनच वर्षांनी लहान. वाशीम अकोल्यातून वेगळं झालं ते 1 जुलै 1998 ला. तसा हा जिल्हा जुनाच म्हणायचा. इंग्रजी अमलात बाशीम जिल्हा होता आणि 1905 साली तो मोडून अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत घातला. आबाजींचे वडील मरेपर्यंत स्वतःला बाशीम जिल्ह्याचेच म्हणवत, असं ऐकलं आहे.

मेळघाटात किंवा ताडोब्याला जाऊन आलेले पाहुणे इथं आले की विचारतात, जंगल कुठे आहे? त्यांचं चुकत नाही. इथं दाट सावली नाही, सागाची भिंत नाही. सागाचं रान बघायचं तर मालेगावच्या अंगाला काटेपूर्णा अभयारण्यात जावं. 1988 साली जाहीर झालेलं ते रान अकोला आणि वाशीम अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे, आणि तिथं लाजरा चौशिंगा राहतो. सोहोळकडचा माळ वेगळा. पावसाळ्यात गुडघाभर गवत, मधून मधून हिवर, बाभूळ, पळस, बोरी. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतांची नावं मला पाठ झाली ती शाळेत नव्हे, आबाजींच्या बोटाला धरून बंडीवाटेनं चालताना. कुसळी धोतराला टोचली की ते बांधावर बसून एक एक कुसळ काढत आणि तोवर मला पवन्याचं पातं चोळून वास घ्यायला लावत.

गवताचं शास्त्र त्यांना त्यांच्या वडिलांकडून आलं होतं. वऱ्हाडात इंग्रजांनी जंगलाचे ए, बी, सी असे वर्ग केले होते. पहिला लाकूडफाट्याचा, दुसरा चाऱ्याच्या रमण्यांचा आणि बाभूळबनांचा, तिसरा ढोरांच्या चराईचा. याशिवाय गावोगावची ई-क्लास जमीन, म्हणजे कोणाच्या सातबाऱ्यावर नसलेली, गावाच्या ढोरांना मोफत चरायला राखलेली. पणजोबांनी रमण्यातलं गवत लिलावात घेतलं होतं म्हणे, एकदा की अनेकदा ते आता सांगणारं कोणी उरलं नाही. पण त्यांची एक ताकीद तीन पिढ्या टिकली. आबाजी ती आजच घडलेल्या गोष्टीसारखी ठासून सांगत, “दसऱ्याच्या आंधी इळा लावाचा नाही. गवताले आपलं बी खाली टाकू द्या लागते.”

लहानपणी मला वाटे, हे सोनं-शिलंगणासारखंच काहीतरी धार्मिक असावं. पुढे कळलं की या एका ताकिदीत किती जीव सामावले होते. आषाढ ते भाद्रपद हा माळावरच्या पाखरांच्या विणीचा काळ. तित्तर, लावऱ्या, चंडोल सगळे जमिनीवर अंडी घालतात, गवताच्या आडोशानं. हरणीही पाडसाला गवतात लपवून दूर चरायला जाते आणि पाडस हलत नाही, इतकं निश्चल बसतं. गवत दसऱ्यापर्यंत उभं राहिलं की अंडी फुटतात, पिल्लं पंखांत येतात, पाडसं पायांवर उभी राहतात आणि पुढच्या सालाचं बी मातीत पडतं. पणजोबांच्या डोळ्यांसमोर फक्त बैलांचा चारा असेल. पण चाऱ्यासाठी पाळलेल्या धीरानं सगळा माळ जगवला.

मोठ्या मायचा माळ आणखी निराळा होता. तिला काळविटांचं अप्रूप नव्हतं, ती खाली बघत चाले. पहिल्या पावसानंतर आठ दिवसांत तरोट्याची कोवळी पानं, मग धुऱ्यावरचा केना आणि घोळ, श्रावणात वेलीवरचे कटुले. तरोट्याची भाजी ती लसूण, तिखट आणि मूठभर मुगाची डाळ घालून करायची, सोबत कळण्याची भाकर. उन्हाळ्यात टेंभरं आणि चारं, हिवाळ्यात बोरं. टेंभरं पाडताना आम्ही पोट्टे काठी उचलायचो, तर ती हात धरायची. “झोडपाचं नाही, हालवाचं. पिकलं असन थे पडन.” आणि घरी निघताना झाडावर थोडं राहिलेलंच असायचं. ते कोणासाठी, असं विचारलं तर पाखरांचं नाव घेई, कधी मागून येणाऱ्या बायांचं.

या रानमेव्याला तिच्या लेखी फार मान होता, आणि त्याला कारण होतं. तिच्या सासूनं छप्पनचा काळ अनुभवला होता, म्हणजे 1899-1900 चा दुष्काळ. घरात त्याची गोष्ट तुटक तुटक सांगितली जाई. ढोरं दावणीला मेली, चिंचेचा पाला शिजवून खाल्ला, सरकारी रान चराईला मोकळं झालं तेव्हा दोन बैल वाचले. त्या दोन बैलांवर पुढचं शेत उभं राहिलं. बहात्तरचा दुष्काळ तर तिनं स्वतः काढला. सुकडी, मिलोची लाल ज्वारी, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडणं, हे आमच्या आईबापांनीही पाहिलं. पण मोठी माय सांगे की कामावरून येताना बाया माळावर वाकून वाकून मिळेल तो पाला ओट्यात भरत, आणि तिथं कोणी कोणाला जात विचारत नसे, शेत कोणाचं तेही विचारत नसे. ज्यांच्याकडे कागदावर काही नव्हतं, त्यांचंही पोट त्या माळावर थोडंफार भरलं.

आबाजींचा एक फासेपारधी मित्र होता. मित्र म्हणावं का, मला सांगता येत नाही. तो ओट्याखाली बसे आणि आबाजी ओट्यावर, त्या काळाची रीत तशी होती आणि ती आठवली की आजही मन खट्टू होतं. पण माळावर गेले की आबाजी त्याच्या मागून चालत. त्याच्याकडे शिकवलेली गाय होती. गाय चरत चरत पुढे जाई, हा तिच्या आडोशानं वाकून चाले आणि तित्तरांच्या वाटेवर फासे मांडी. पाखरं गाईला बुजत नसत. तो म्हणे, “गाभण हरणी फाशात आली त सोडून द्याची. पाडसालेबी सोडाचं. नाही त पुढच्या साली काय खाशीन?” ही नुसती आमच्या ओट्यावरची गोष्ट नव्हती. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या फासेपारध्यांचा अभ्यास केला, तेव्हा तिथल्या जुन्या माणसांतही हीच रीत त्यांना आढळली. ज्या समाजाला इंग्रजांनी कायद्यानं गुन्हेगार ठरवलं आणि ज्याच्यावरचा तो शिक्का कागदावरून 1952 साली निघाला, त्याच्याजवळ माळाची इतकी जपणूक होती.

त्या बाबानं आबाजींना तणमोर दाखवला होता. कोंबडीएवढं पाखरू. पावसाळ्यात नर काळाभोर होतो, डोक्यामागं पिसांचे तुरे येतात, आणि मादीला दिसावं म्हणून तो गवतातून सरळ वर उडी घेतो. दिवसातून शेकडो वेळा. आज जगात हे पाखरू हजाराच्याही आत उरलं आहे आणि अतिसंकटग्रस्त ठरलं आहे. कारंज्याची संवेदना ही संस्था अकोला-वाशीम भागातल्या फासेपारधी कुटुंबांसोबत तणमोराचं आणि त्याच्या गवताळ माळाचं काम करते. जे हात फासे मांडत, तेच आता पाखराची जागा राखतात. आबाजींच्या मित्राचा कोणी नातू त्यांत असेल का, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

हरणांची गत मधल्या काळात फार वाईट झाली. फाशानं होत नव्हतं ते बंदुकीनं आणि जीपच्या उजेडानं केलं. स्वातंत्र्याच्या वेळी देशात 80 हजारांच्या आसपास काळविटं होती, 1964 पर्यंत 8 हजार उरली, असा अंदाज सांगितला जातो. मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळविटाला पहिल्या अनुसूचीचं कवच मिळालं. दुष्काळाच्या त्याच सालात हरणांसाठी कायदा झाला, याचं मला नवल वाटतं. माणसं खडी फोडत होती, तेव्हाही कोणीतरी मुक्या जिवांचा विचार करत होतं.

शेतकऱ्याचं दुःख बाजूला ठेवून मात्र या माळाची गोष्ट सांगू नये. हरण, रोही, रानडुक्कर यांना अभयारण्याची हद्द ठाऊक नसते. सोयाबीन दोन पानांवर आलं की रात्री कळप वावरात शिरतो. आबाजी जागलीला जात, माळ्यावर बसून टिनाचा डबा वाजवत. आता झटका मशीनच्या तारा लागल्या, तरी थंडीत जागणारी माणसं आहेतच. त्यांना भरपाई वेळेत आणि पुरती मिळाली पाहिजे. हरणं सगळ्या महाराष्ट्राची असतील, तर त्यांचं खाणं एकट्या सोहोळकडच्या शेतकऱ्याच्या माथी मारणं हा अन्याय आहे. आणि माळावर चांगलं गवत राहिलं तर वावराकडे येणारे कळपही थोडे कमी होतील, हे आबाजींचं म्हणणं मला पटतं.

गवताचीच तर खरी काळजी आहे. ई-क्लासचे तुकडे नांगराखाली गेले, कुठे मुरूम उपसला, कुठे कचरा पडला. कुठे चांगल्या मनानं पण घाईनं माळावर चर खोदले आणि गिरीपुष्प, सुबाभूळ लावली. झाड लावणं पुण्याचं, पण पवन्याच्या माळावर दाट झाडी झाली की काळविटाला पळायला आणि तणमोराला नाचायला जागा राहत नाही. काळवीट उघड्यावरचा जीव आहे, दूरवर दिसलं तरच तो निर्धास्त चरतो. आता याच पट्ट्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला. प्राण्यांसाठी रस्त्याच्या खालून आणि वरून वाटा ठेवल्या आहेत, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं त्यासाठी सल्ला दिला. शकुंतला हळू चाले, म्हणून आबाजींना हरणं मोजता आली, चुकली तरी. महामार्गावरून जाणाऱ्याला आपण कोणाच्या माळातून चाललो, हे कळायच्या आत सेलूबाजार येतं.

म्हणून गाडीतून उतरावं. वनखात्याची परवानगी घेऊन, सकाळी लवकर, पायात कुसळी टोचणार नाही असं काही घालून जावं. मोठ्यानं बोलू नये, गवतात वाट सोडून शिरू नये, विडी-काडी तर अजिबात पेटवू नये. उन्हाळ्यात एक ठिणगी पुरते, आणि वनमजूर उन्हातान्हात जाळरेषा काढतात त्या त्यासाठीच. लेकरांना न्यावं आणि सोबत एखादं म्हातारं माणूसही न्यावं. गवताचं नाव पुस्तकात सापडेल, पण कोणतं पातं चोळलं की वास येतो, हे सांगायला आजा लागतो.

माझ्या पणजोबांनी मुलांना शेत वाटून दिलं. माळ त्यांना वाटता आला नाही, कारण तो त्यांचा नव्हता. म्हणूनच तो माझ्यापर्यंत पोचला, पारध्याच्या नातवापर्यंत पोचला, तांड्यावरच्या लेकरापर्यंतही पोचला. कोणाच्याच नावावर नसलेली ही जमीन आपल्या म्हाताऱ्यांनी राखली ती पहाऱ्यानं नव्हे, दसऱ्यापर्यंत थांबायच्या सवयीनं. ती सवय आता आपल्याला कागदावरही उतरवावी लागेल. येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा. गावात ई-क्लास किती, त्यावर आज काय आहे, हे विचारा आणि नकाशा समोर ठेवायला सांगा. तिथं गवत असेल तर ते गवतच राहू द्यायचा ठराव मांडा, आणि त्याच ठरावात एक ओळ आमच्या आबाजींची घाला: दसऱ्याआधी इळा नको.