गॅलिस, बेल्ट आणि मार्क ट्वेन

हर्नियाच्या ऑपरेशननंतर बेल्ट टोचायला लागला, म्हणून गॅलिस आणले. पहिल्याच दिवशी खांदे दुखले, पोटही सुटलं नाही. चूक माझीच... जुनी, कमरेला घट्ट पँट, आणि वरून गॅलिस!

मग जरा इतिहास चाळला. लंडनच्या आल्बर्ट थर्स्टनने १८२० मध्ये गॅलिस बनवायला सुरुवात केली. तेव्हा पँटची कंबर इतकी उंच असायची, की बेल्टचा उपयोगच नव्हता. पँट खांद्यांवरून लटकायची. मार्क ट्वेनला मात्र गॅलिसचा भारी कंटाळा. १८७१ मध्ये त्याने कपडे मागून आवळायच्या, हवी तेव्हा काढता येणाऱ्या पट्टीचं पेटंट घेतलं. पँटवर ती काही चालली नाही. ब्रेसियरच्या मागच्या हुकात मात्र आजही टिकून आहे. पुढे पहिल्या महायुद्धानंतर पँटची कंबर खाली आली आणि बेल्ट जिंकला.

ट्वेन गॅलिसच बदलायला निघाला होता, मला पँट बदलावी लागली. शिंप्याकडून कंबर दोन बोटं सैल करून घेतली, सहा बटणं लावली, पट्ट्या जेमतेम ताणल्या. आता भार खांद्यांवर आणि टाके मोकळे.

असो. बेल्ट सध्या कपाटात आहे.