आपोआप रिकामी होणारी टाकी

बंगला बांधताना किंवा रो-हाउस घेताना पिण्याच्या पाण्याच्या टाकीबद्दल आपण दहा प्रश्न विचारतो. अंगणाच्या कडेला पुरलेल्या दुसऱ्या टाकीबद्दल एकही नाही. तिच्यावर पेव्हर ब्लॉक बसतात, त्यांवर गाडी उभी राहते. मग एखाद्या पावसाळ्यात संडासातलं पाणी उतरेनासं झालं की घरात शोधाशोध सुरू होते, झाकण नेमकं कुठे होतं? सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसायची असते हे सांगितलं, तर शिकलीसवरलेली माणसंही विचारतात, ‘‘ते तर आतल्या आत जिरतं ना?’’ या समजाबद्दल घरमालकाला फार बोल लावता येत नाही. हा समज टाकीबरोबरच जन्माला आला आणि तिच्या कर्त्यांनीच तो पसरवला.

पूर्व फ्रान्समधल्या व्हेसूल या गावात झाँ-लुई मुरास यांनी १८६०च्या सुमारास एका घरासाठी गवंडीकामाची बंद टाकी बांधली. फ्रान्समधल्या शहरी घरांच्या तळाशी तेव्हा मैल्याचे हौद असत. ते भरले की रात्री गाड्या येत, उपसा होई, गल्लीभर दुर्गंधी पसरे आणि घरमालकाला पैसे मोजावे लागत. मुरास यांनी फरक केला तो एवढाच, की मैला आत आणणारा आणि पाणी बाहेर नेणारा असे दोन्ही नळ टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली बुडते ठेवले. त्यामुळे आत हवा जाईना. वरून जेवढं आत पडे तेवढंच पाणी दुसऱ्या बाजूने बाहेर पडे. बारा वर्षांनी टाकी उघडली तेव्हा तळाशी साचायला हवा होता तो ढीग नव्हताच, असं सांगतात.

मुरास यांनी १८८१मध्ये पेटंट घेतलं. त्याचा डंका मात्र पिटला एका धर्मगुरूने. अ‍ॅबे म्वान्यो हे विज्ञानाचं नियतकालिक चालवत आणि त्यांना नव्या शोधांचं वेड होतं. त्यांनी या टाकीला ‘आपोआप उपसणारी’ ठरवून मोठ्या थाटात तिची वाखाणणी केली. काचेची टाकी करून तिच्यात मैला आणि स्वयंपाकघरातला कचरा कसा विरघळत जातो, याच्या प्रयोगाची हकीकतही छापली. हे करतं कोण, याचा त्यांचा अंदाज दाद देण्यासारखा होता: हवेशिवाय जगणारे जे जंतू पाश्चर यांनी दाखवले, तेच इथे काम करत असावेत. हवेविना जगणाऱ्या जंतूंचा पाश्चर यांचा शोध तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता. म्हणजे शास्त्र बरोबर होतं, जाहिरात तेवढी चुकली.

‘सेप्टिक टँक’ हे आज रूढ असलेलं नाव दिलं ते इंग्लंडमधल्या एक्सेटर शहराचे सर्व्हेयर डोनाल्ड कॅमेरॉन यांनी. १८९५मध्ये त्यांनी जमिनीखाली काँक्रीटची झाकलेली टाकी बांधली आणि शहराच्या एका भागाचं सांडपाणी तिच्यात सोडलं. टाकीत तयार होणाऱ्या वायूवर तिथेच दिवा पेटवून दाखवला. इंग्लंडमधल्या नगरपालिका तेव्हा गाळाने बेजार झाल्या होत्या. चुना आणि रसायनं घालून घाण खाली बसवायची, मग त्या लगद्याचे डोंगर टाकायला जागा शोधायची, असा सगळा खटाटोप होता. ‘गाळाचा प्रश्न मिटला’ एवढं ऐकायला त्या आतुर होत्या. कॅमेरॉन यांच्या कंपनीने अमेरिकेतही पेटंट घेतलं आणि तिथल्या शहरांवर स्वामित्वशुल्कासाठी दावे लावले. नॉक्सव्हिल शहराविरुद्धचा दावा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९१३मध्ये कंपनी हरली. ब्रिटिश पेटंटची मुदत संपली तेव्हाच अमेरिकेतलंही संपलं, असा निकाल लागला.

तोवर टाकीचा भ्रमही उतरला होता. सांडपाण्याच्या विल्हेवाटीसाठी ब्रिटनने १८९८मध्ये शाही आयोग नेमला होता. आयोगाने १९०८च्या अहवालात स्पष्ट लिहिलं, की टाकीत सगळा मैला पचत नाही. काही भाग पचतो आणि बाकीचा गाळ होऊन साठतो. अहवाल अभियंत्यांनी वाचला. घर बांधणाऱ्यांपर्यंत तो पोचला नाही, आणि माझ्या मते अजूनही पोचलेला नाही.

टाकीचं खरं काम समजायला सोपं आहे. आत आलेलं जड ते तळाशी बसतं, तेलकट ते वर तरंगून सायीसारखा थर धरतं, आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं. हे निवळणं नीट व्हायला पाण्याला टाकीत साधारण एक ते दोन दिवस थांबावं लागतं. तळाचा गाळ वाढत गेला की पाण्याची जागा कमी होते, पाणी घाईने बाहेर पडतं आणि बरोबर घाण घेऊन जातं. शोषखड्ड्याच्या भोवतालच्या मातीची छिद्रं त्याने बुजतात. टाकी चार तासांत उपसता येते, बुजलेली जमीन उपसता येत नाही. संडास तुंबल्यावर गाडी बोलावणारा माणूस म्हणूनच उशीर करून बसलेला असतो. गाळ आणि वरची साय मिळून टाकीचा तिसरा हिस्सा व्यापला की उपसा करावा. ते बघायला लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत सोडायचं; फडक्यावर जिथवर काळा लगदा चिकटतो तेवढा गाळ. हे झाकणाबाहेर उभं राहून, तोंड दूर ठेवून करायचं. जवळ विडी-काडी नको, कारण आत मिथेन असतो. टाकीत यीस्ट किंवा बाजारातल्या पुड्या टाकण्याची गरज नसते. जंतू मैल्याबरोबर रोज फुकट येतात. त्यांना मारायला मात्र अ‍ॅसिड आणि फिनाईलच्या बाटल्या आपण दर आठवड्याला ओततो.

या टाकीच्या कुळकथेत मुंबईचं पान अगदी सुरुवातीला आहे. १८९०मध्ये मातुंग्याला कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उघडला. त्यामागे होते महापालिका आयुक्त हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ, शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह काढणारे तेच अ‍ॅक्वर्थ. आयुक्त कचेरीतून उठून पोवाडे गोळा करणारा आणि कुष्ठरोग्यांच्या संडासाची सोय लावणारा माणूस एकच असावा, हे मला फार आवडतं. एक्सेटरनंतर एक-दोन वर्षांतच या आश्रमाच्या मैल्याच्या टाक्यांतला वायू दिव्यांसाठी वापरला गेला. मुंबईच्या मैलापाण्याचं काम बघणारे अभियंता सी. सी. जेम्स यांनी तिथल्या प्रयोगांवरून पौर्वात्य शहरांच्या मलनिस्सारणावर पुस्तकं लिहिली. तो आश्रम आज वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणून ओळखला जातो. वायूची ती कल्पना पुढे देहूला डॉ. सुहास मापुसकर यांनी गावातल्या संडासांना जोडलेल्या बायोगॅस संयंत्रांतून कित्येक वर्षं चालवली.

पण आपल्याकडे टाकी आली ती टोपलीच्या संडासाच्या जागी. मुंबईत १८८८च्या महापालिका कायद्यात हलालखोर कर नावाचा करच होता. मैला वाहणाऱ्यांच्या कामासाठी घरमालकांकडून तो वसूल होई. युरोपात मैला उपसणं हा एक कष्टाचा धंदा होता, इथे तो जातीने ठरवून दिलेला होता. टाकीने डोक्यावरची टोपली गेली. उपसायची वेळ आली तेव्हा मात्र बादली घेऊन उतरायला पुन्हा त्याच जातीतली माणसं बोलावली गेली. हायड्रोजन सल्फाईड जास्त झाला की आधी नाकाची जाणीव जाते, मग शुद्ध. पहिला बेशुद्ध पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, म्हणून बातमीत नेहमी दोन-तीन मृत्यू असतात. २०१३च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईला माणूस लावणं गुन्हा ठरवलं. २०२३च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. ‘‘दोन माणसं पाठवतो, स्वस्तात होईल,’’ असं कोणी म्हणालं तर घरमालकाने त्याला फाटकातूनच परत पाठवावं.

माणसाऐवजी नळी घालणं शक्य आहे हे १९व्या शतकातच कळलं होतं. लोखंडी पिंपातली हवा पंपाने काढायची, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब मैला नळीतून वर ढकलतो. युरोपातल्या शहरांत अशा गाड्या घोडे ओढत. आपल्या गल्लीत येणारी मैलागाडी हे त्याच पिंपाचं डिझेलवर चालणारं रूप. हवेचा दाब पाण्याला जेमतेम १० मीटर वर चढवू शकतो, व्यवहारात त्याहून बराच कमी. म्हणून गाडी टाकीजवळ येऊ शकेल एवढी वाट ठेवणं हे नकाशा काढतानाच ठरवायचं काम आहे.

गाडी मैला नेते कुठे, हा प्रश्न आपण विचारत नाही. अनेक वर्षं उत्तर असे: गावाबाहेरचा ओढा. साताऱ्यातलं वाई आणि नाशिकजवळचं सिन्नर या दोन नगरपालिकांनी २०१८पासून वेगळी रीत लावली. घरमालकाने फोन करायची वाटच बघायची नाही. तीन वर्षांच्या फेरीत प्रत्येक घराचा नंबर येतो, गाडी दारी येते, आणि मैला थेट प्रक्रिया केंद्रावर जातो. खर्च स्वच्छता करातून भागतो, त्यामुळे पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोय उरत नाही. एक अडचण मात्र उरते, ती म्हणजे फरशीखाली गाडलेलं झाकण. नवं घर बांधत असाल तर झाकणाला दोन कड्या ठेवा, त्यावर फरशी चढवू नका, आणि ते भिंतीपासून किती फुटांवर आहे हे मीटरच्या पेटीच्या दारावर आतून खडूने न लिहिता रंगाने लिहा.