डॅम्प म्हणजे ओल नव्हे

‘फायरडॅम्प’ हा शब्द प्रथमच वाचणारा विद्यार्थी हमखास गोंधळतो. फायर म्हणजे आग आणि डॅम्प म्हणजे ओल; मग ओल पेट कशी घेते? या कोड्याचे उत्तर शब्दाच्या इतिहासात आहे.

डच भाषेत ‘डाम्प’ आणि जर्मनमध्ये ‘डाम्फ’ म्हणजे वाफ. इंग्रजी ‘डॅम्प’ याच कुळातला. त्याचाही जुना अर्थ ‘घातक वाफ’ असाच होता. ओलसरपणाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. जमिनीवर नवा अर्थ रूढ झाला, खाणीत मात्र जुनाच टिकून राहिला.

निरनिराळे वायू रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे ओळखले ते प्रामुख्याने अठराव्या शतकात. खाणकामगारांना तोवर थांबणे शक्य नव्हते. दिव्यावर आणि माणसावर काय परिणाम होतो, एवढ्यावरून त्यांनी हवेचे प्रकार पाडले. पेट घेणारा तो फायरडॅम्प. यात मुख्यतः मिथेन असतो. तो हवेहून हलका, म्हणून छताशी साठतो आणि हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असले की ठिणगीने स्फोट होतो. दिवा विझवणारा व जीव गुदमरवणारा तो ब्लॅकडॅम्प किंवा चोकडॅम्प. कोळसा व लाकडी टेकू हवेतील ऑक्सिजन शोषून घेतात; मागे उरतो तो नायट्रोजन व कार्बन डायऑक्साइड. सडक्या अंड्याच्या वासाचा स्टिंकडॅम्प म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. व्हाइटडॅम्प म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि स्फोटानंतर उरणारे विषारी मिश्रण म्हणजे आफ्टरडॅम्प.

ही नावे म्हणजे धोक्याच्या सूचनाच होत्या. पण सूचना पुरेशी नसते. २५ मे १८१२ रोजी इंग्लंडमधील फेलिंग येथील खाणीत स्फोट होऊन ९२ जण दगावले. त्यानंतर १८१५ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवलेला दिवा तयार केला. जाळी उष्णता शोषून पसरवते, त्यामुळे ज्योत बाहेरच्या वायूपर्यंत पोचत नाही. शिवाय ज्योतीवर निळसर टोपी दिसली की फायरडॅम्प आहे, ज्योत मंदावली की ब्लॅकडॅम्प आहे, असे ओळखता येऊ लागले.

आफ्टरडॅम्पचे रहस्य उलगडायला मात्र १८९६ साल उजाडले. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी दाखवले, की स्फोटात सापडलेल्यांपैकी बहुतेकजण तडाख्याने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडने मरतात. या वायूला ना रंग, ना वास. म्हणून त्यांनी लहान प्राणी-पक्षी सोबत नेण्याचा सल्ला दिला. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत होते.

हा विषय केवळ परदेशी खाणींचा नाही. बिहारमधील (आता झारखंड) ढोरी येथील खाणीत २८ मे १९६५ रोजी झालेल्या स्फोटात २६८ कामगार गेले. जुन्या विहिरीत, सेप्टिक टँकमध्ये किंवा गटारात उतरलेला माणूस कोसळतो आणि त्याला वाचवायला गेलेला दुसराही कोसळतो, अशा बातम्या आजही आपण वाचतो. तिथे असतात ते हेच ‘डॅम्प’. विहिरीत आधी कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत ऑक्सिजनची कमतरता दाखवते. पण विषारी वायू असूनही कंदील जळत राहू शकतो, आणि मिथेन असेल तर तोच कंदील स्फोट घडवील. वर्गात हा शब्द शिकवताना एवढे तरी जरूर सांगावे.