न्हाणीमागचं अळू

जुन्या घराच्या न्हाणीला मागच्या भिंतीत एक भोक असायचं. अंघोळीचं, भांड्यांचं पाणी त्यातून परसात उतरायचं आणि तिथं अळू, कर्दळ, एखादी केळ माजलेली असायची. अळू वड्यांना, केळीची पानं जेवायला. सांडपाण्यावर आपण प्रक्रिया करतो आहोत, हे घरातल्या कुणाच्या गावीही नव्हतं.

शास्त्राच्या वहीत ही गोष्ट जर्मनीत नोंदली गेली. प्लोनच्या माक्स प्लांक संस्थेत केटे सायडेल या बाईंनी १९५२च्या सुमारास लव्हाळ्याच्या कुळातली उंच पाणवनस्पती घाण पाण्यात लावून पाहिली. तिथल्या जाणकारांना ते पटेना. पुढे राइनहोल्ड किकुट यांनी मुळांच्या थराचा विचार धरून १९७४मध्ये ओथफ्रेसन गावात पूर्ण गावाचं सांडपाणी अशा वाफ्यात सोडलं. झाड घाण खातं, हा समज अर्धाच खरा. बोरू, पाणकणीस यांच्या पोकळ दांड्यांतून हवा मुळांपर्यंत पोचते. मुळांवर आणि खडीवर वाढणारे जिवाणू खरं काम करतात. पाणी खडीखालून वाहतं, म्हणून वर डास होत नाहीत. आपल्या अळवाला नेमकं हेच जमलं नव्हतं. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनं हेच तंत्र ‘फायटोरिड’ या नावानं आपल्याकडच्या हवेला बेतून घेतलं.

नांदेड जिल्ह्यात मात्र डासांनीच वेगळी वाट काढून दिली. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे घेतले, उघडी गटारं बुजवली आणि सांडपाणी जमिनीत जिरवलं. जिल्हा परिषदेनं तो कित्ता इतर गावांत नेला. लोक त्याला ‘नांदेड पॅटर्न’ म्हणू लागले. मला तो या कुळातलाच वाटतो, फक्त यात झाड गळालं. गावाला ते चालतं. शहराला नाही. नांदेडचे नाले गोदावरीत उतरतात, आणि एवढं पाणी खड्ड्यात मावत नाही.

वाफ्यालाही जागा लागते, माणशी काही चौरस मीटर. शहरात एवढी रिकामी जमीन कोण देणार? म्हणून तो बागेतच घालायचा: कर्दळीच्या ताटव्यातून पायवाट, कडेला बाकं. भोपाळच्या एकांत पार्कात तसा वाफा बांधला गेला. नांदेडच्या गोवर्धन घाटाच्या वरच्या अंगाला, नाला नदीला मिळण्याआधी, असा एखादा मला फार शोभेलसा वाटतो.

एरवी शहराचं पाणी एकदाच वापरून वाया जातं, मग ते कितीही लांबून आणलेलं असो. दुष्काळात लातूरला २०१६च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, १० वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५०,००० लिटर. घराघरात ते पाणी हंड्यातून मोरीत गेलं, मोरीतून गटारात. अळू लावायला फ्लॅटला परस कुठलं?